आठची हजेरी

लिव्हरपूल, बुधवार, ३० जुलै १९१९

इद्वल आज जेवला नाही. बटाटे गार झाले, वरची चरबी पांढरी धरली, तरी हा काट्यानं नुसता ढकलत बसला. मी म्हटलं, पोट बिघडलं का? तर म्हणाला, "हेटी, बस जरा." नवरा बस जरा म्हणाला की काहीतरी अंगावर पडणार हे बाईला कळतंच. मी बसले. आमची तान्ही ग्वेन मांडीवर होती.

म्हणाला, युनियन संपावर जातेय. उद्या नाहीतर परवा.

पोलिसांची युनियन. एरवी मला हे ऐकून हसू यायचं. आज आलं नाही. गेल्या ऑगस्टात लंडनच्या पोलिसांनी संप केला होता, तो ह्याच्या डोक्यात बसलाय. दोन दिवसांत सरकार गुडघ्यावर आलं, पगार वाढवला, युनियनपायी कामावरून काढलेल्या शिपायाला परत घेतलं. "आणि एकाचीही नोकरी गेली नाही, हेटी. एकाचीही." हे तो तीनदा म्हणाला. तिसऱ्यांदा मला वाटलं, मला नाही सांगत, स्वतःला सांगतोय.

आता सरकार नवीन कायदा करतंय. पोलिसानं युनियनमध्ये राहायचंच नाही. त्याच्या बदली सरकारच एक मंडळ काढून देणार. त्यात बसा, बोला, पण संपाचं नाव काढायचं नाही.

"मग बरंच आहे की," मी म्हटलं. "बोलायला मिळतंय."

"साहेबाच्या मांडीवर बसून साहेबाच्याच कानात तक्रार सांगायची. त्याला बोलणं म्हणतात होय?"

मी म्हटलं, पगार तर आत्ताच वाढला. म्हणाला, "कुणामुळे वाढला?"

माझी शाळा दहाव्या वर्षी सुटली. मला एवढंच कळतं की ह्याची वर्दी आहे तर आम्हाला छप्पर आहे. लग्नाला साहेबाची परवानगी लागली होती. इन्स्पेक्टर आमच्या घरी येऊन चूल बघून गेला, पलंगाखाली वाकून बघून गेला. माझ्या बाचं तोंडही बघून गेला. मी चार घरची धुणी घेतलेली चालत नाहीत, शिपायाची बायको कामाला गेली की वर्दीला कमीपणा. हे सगळं जाचतंच. पण जाचणारं का होईना, छप्पर आहे.

हे असं वहीत लिहायची सवय आई गेल्यापासूनची. तिला सांगायचे ते इथं सांगते.

शुक्रवार, १ ऑगस्ट

गेले. काल संध्याकाळी साध्या कपड्यांत निघाला. ह्या ठाण्यातून त्या ठाण्यात सगळे मिळून फिरतात, आतल्यांना हाका मारतात, "बाहेर या रे!" कुठे सगळं ठाणं बाहेर येतं, कुठे दोघंतिघं, कुठे आतून दारच लावून घेतात. निम्मे आले म्हणतो. निम्मे म्हणजे जास्त का कमी ते मला समजेना.

शेजारी सार्जंट पिंब्लेट राहतात. त्यांची बाई, तिला सगळी गल्ली सार्जंटीण म्हणते, सकाळी भिंतीवरून वाकून म्हणाली, "काय गं, तुझा गेला वाटतं नाचायला?"

"तुमचे नाही गेले?"

"आमच्यांना पेन्शनला दोन वर्षं राहिलीत. ही युनियनबिनियन पोरासोरांचे खेळ." मग आवाज बारीक केला. "ऐक. ठाण्यात नोटीस लावलीय. उद्या शनिवारी संध्याकाळी आठच्या हजेरीला जो वर्दीत उभा राहील तो आत. नाही राहिला तो कायमचा बाहेर. सांग त्याला. मी सांगितलं म्हणू नकोस."

त्याला सांगितलं. म्हणाला, "लंडनलाही अशीच लावली होती."

ग्वेनला दात येतायत. बोट चावते.

रविवार, ३ ऑगस्ट

कालचं आज लिहितेय.

काल सकाळी मी ग्वेनला त्याच्या मांडीवर ठेवलं आणि म्हटलं, "हिला काय सांगू ते तूच सांग." एवढंच. भांडले नाही, रडले नाही. तो तिच्या टाळूकडे बघत बसला. मग क्लेम ऑग्डन आला, आमच्या विभागाच्या युनियनचा चिटणीस. उंच, हसरा, पुढचा एक दात नाही. "वहिनी, चहा नको, नवरा द्या," म्हणाला. दोघं गेले. दुपारी इद्वल परत आला आणि भिंतीकडे तोंड करून पडला.

मग मी ग्वेनला शालीत गुंडाळलं आणि बाच्या घरी गेले.

बा गोदीत हमाल. १९११च्या हमालांच्या संपात पोलिसांनी दंडुके चालवले तेव्हा बाचं डोकं फुटलं, अजून उजव्या कानानं कमी ऐकतो. मी शिपायाशी लग्न केलं त्या दिवसापासून माझ्याशी धड बोलत नाही. इद्वल त्या वेळी वेल्समध्ये बापाच्या मेंढ्या वळत होता, कुणावर दंडुका उगारला नव्हता, पण बाला त्याचं काय.

मी म्हटलं, "बा, तुम्ही हमालांनी ह्यांना साथ दिली तर हे जिंकतील. तुम्ही एक दिवस गोदी बंद केली तर सरकार ऐकेल."

बा हसला. खूप वेळ हसला. "पोलिसांची युनियन! उद्या मांजरं युनियन काढतील आणि उंदरांकडे वर्गणी मागायला येतील."

"त्यांचंही पोट आहे."

"असेल की. आमचं होतं तेव्हा कुठे होते? तुझ्या शिपुर्ड्याला म्हणावं, ये, हे डोकं चाचप. खाच अजून आहे. बोट ठेव तीत, आणि मग मला भाऊ म्हण." पण ग्वेनच्या हातात त्यानं पावाची कड दिली. मी निघाले तर म्हणाला, "मोठ्या रस्त्यानं जाऊ नको. पोरं सुटलीयत."

खरंच सुटली होती. कोपऱ्यावर एक पोलीस नाही. चपलांबुटांची दुकानं फोडली होती, माणसं काचांवरून चालत होती. एक बाई दोन डाव्या पायाचे बूट घेऊन पळत होती. एकानं पियानो फुटपाथवर आणून ठेवला होता आणि तो वाजवतही होता. लोकं हसत होती. मला जत्रेसारखं वाटलं आणि मग एकदम भीती वाटली. मी मागच्या गल्ल्यांतून वळसे घेत घरी आले, आठ केव्हाच वाजून गेले होते.

इद्वल घरी होता. अंगात नुसता सदरा. वर्दीचा कोट घंगाळात भिजत घातलेला, पाणी लालसर. मी म्हटलं, "हे काय?"

"एकाचं नाक फुटलं. धक्काबुक्कीत."

"तुला लागलं?"

"नाही."

संपवाले साध्या कपड्यांत फिरतात. मग वर्दीचा कोट का चढवला असेल त्यानं? नदीवरून वारा येतो, ऑगस्ट असला म्हणून काय. थंडी वाजली असेल. आमच्याकडे दुसरा गरम कोट नाही.

"आठ वाजून गेले," मी म्हटलं.

"गेले," तो म्हणाला.

झालं. मला वाटलं होतं मी किंचाळेन. काही झालं नाही. मी कोट चोळला. बाहीवरचा डाग मोठा होता, कोपरापासून खांद्यापर्यंत. नाकातून एवढं रक्त येतं का? येत असेल.

मंगळवार, ५ ऑगस्ट

सैनिक आलेत. रणगाडेही. नदीत लढाऊ जहाज उभं केलंय. गोळीबार झाला, कुणीतरी मेलं म्हणतात. बंदूकवाला सैनिक आमच्या कोपऱ्यावर उभा आहे, अठरा वर्षांचा असेल. सार्जंटीण त्याला चहा नेऊन देते.

क्लेम आला होता. आज हसला नाही. म्हणाला, "इद्वल, आपल्यातला एक जण शनिवारी फुटला. वर्दीत दिसला, ग्रेट होमर स्ट्रीटला, आठच्या आधी. लांबून बघितला पोरांनी, तोंड नाही दिसलं."

इद्वल चुलीतले निखारे हलवत होता.

"हजेरीला पोचला का तो?" मी विचारलं.

"आमच्या विभागातला एकही पोचला नाही, वहिनी. आम्ही दारातच उभे होतो ना. म्हणजे बघा, अर्ध्या वाटेतून पळाला. इकडचा नाही, तिकडचा नाही." क्लेम थुंकला असता, पण माझं घर म्हणून थांबला. "कळला ना, पोरं त्याला नदीत पोहायला नेतील."

"नेऊ देत," इद्वल म्हणाला.

क्लेम गेल्यावर मी म्हटलं, कोण असेल रे तो? तर इद्वल म्हणाला, "असेल कुणीतरी बायकापोरं असलेला." 

गुरुवार, ७ ऑगस्ट

सार्जंट पिंब्लेट वर्दी न्यायला आले. शेजारचेच, पण दारावर टकटक केली आणि टोपी काढली नाही. शिरस्त्राण, पट्टा, शिट्टी, दंडुका, कंदील, दोन पँटी, कोट. एकेक टेबलावर मांडून घेतलं. कोट हातात घेऊन थांबले.

"हा ओला का?"

"धुतला," मी म्हटलं.

"संपावर गेलेल्याचा कोट घाण कसा होतो गं पोरी?"

त्यांनी बाही उलटी करून बघितली, पुन्हा सरळ केली. इद्वलकडे बघितलं. इद्वल खिडकीबाहेर. "बरं," म्हणाले, आणि सगळं पोत्यात भरलं. जाताना शिरस्त्राण पोत्यात मावेना म्हणून काखेत धरलं, जसं कुणाचं डोकं धरावं.

सगळ्यांनाच काढलंय. जो जो गेला त्याला. एकही परत नाही. भरलेली पेन्शनही गेली. "लंडनला असं नव्हतं झालं," इद्वल म्हणाला.

सोमवार, १८ ऑगस्ट

कायदा झाला म्हणे, गेल्या आठवड्यात. सार्जंटीणीनं सांगितलं. आता पोलिसांचं सरकारी मंडळ होणार, प्रत्येक हुद्द्याचे आपापले प्रतिनिधी. पिंब्लेट सार्जंटांतर्फे उभे राहणार आहेत. "आमच्यांना बोलायला आवडतं हे मला कुठे माहीत होतं!" म्हणाली. पगार वाढलेलाच आहे. तिनं नवे पडदे लावले. जे आत राहिले त्यांना सगळं मिळालं, जे बाहेर गेले त्यांच्यामुळे. हे बरोबर का चूक मला ठरवता येत नाही. पडदे हिरवे आहेत.

मी धुणी घ्यायला लागले. आता कोण अडवतंय?

मंगळवार, २ सप्टेंबर

इद्वल काम शोधतो. बिस्किटाच्या कारखान्यात विचारलं, ट्रामवाल्यांकडे विचारलं. आधी काय करत होतास म्हणतात. हा खरं सांगतो. मग नाही म्हणतात. मी म्हटलं, शेतावर होतो सांग. म्हणाला, "सहा वर्षं काय मेंढ्या शहरात वळत होतो?" थोडा हसला. महिन्याभरात पहिल्यांदा.

परवा बा आला होता. बसला नाही. दारातूनच म्हणाला, "उद्या सकाळी गोदीवर ये. माझ्या मागं उभा राहा. तोंड उघडू नको."

काल इद्वल गेला. हमालांचा मुकादम बोट दाखवत माणसं उचलतो. ह्याला उचललं, खांदे बघून. पण कुणीतरी ओळखलं आणि सगळ्यांनी पोती खाली ठेवली. शिपुर्ड्याबरोबर काम नाही. बा एकटा पोतं धरून उभा राहिला म्हणे. मग त्यानंही ठेवलं.

हे इद्वलनं नाही सांगितलं, बानं सांगितलं. "मी तरी काय करणार," असं दोनदा म्हणाला. मला बाचा राग आला पाहिजे होता. आला नाही. कुणाचाच येत नाही. सकाळी उठते, पाणी तापवते, लोकांच्या चादरी चोळते, ग्वेनला पाजते. मध्येच ग्वेन हसते, तेव्हा मी हसते. ते माझ्याच तोंडावर दुसऱ्या कुणाचं तरी हसू असल्यासारखं वाटतं.

युनियनची मंडळी मात्र येतात. काढलेल्या पोरांनी आपसांत वर्गणी काढून आमच्याकडे कोळसा टाकला. क्लेमची बायको आजारी आहे, त्याच्याच घरी चूल नीट पेटत नाही, तरी तो स्वतः पाठीवरून पोतं घेऊन आला. "नवीन शाखा काढलीय आम्ही, वहिनी. कोळसेवाल्यांची," म्हणाला. तो गेला की इद्वल खूप वेळ त्या कोळशाकडे बघत बसतो. पेटवायला हात लावत नाही. मलाच पेटवावं लागतं.

मंगळवार, १६ सप्टेंबर

आज एक बाई आली. टिअर्नीबाई. स्कॉटलंड रोडच्या बाजूची, आयरिश, काखेत तीन वर्षांची पोर. पोरीच्या मांडीला पट्टी. दारातच म्हणाली, "इथं पोलीस राहतो का, कॉलरवर एकशे ब्याऐंशी नंबरवाला?"

म्हटलं, राहत होता. म्हणजे राहतो, पण पोलीस नाही.

"संपवाला?" ती गोंधळली. "नाही गं बाई. हा वर्दीत होता. लढाईचा शनिवार नव्हता का, दुकानं फोडली तो?"

मी तिला आत घेतलं. चहा दिला. इद्वल घरी नव्हता. तिनं सगळं सांगितलं, मध्ये मध्ये रडत. ती पोरगी, ब्रायडी, गर्दीत काचेच्या कपाटावर पडली. मांडी चिरली, रक्त थांबेना. लोक बाजूनं बूट घेऊन पळतायत, कुणी थांबेना. हा एकटा रस्त्यानं घाईघाईनं येत होता, वर्दीत, नवीन पॉलिश केलेले बूट. लोक त्याला शिव्या घालत होते. त्यानं पोरीला उचललं, गळ्यातला रुमाल काढून मांडी बांधली आणि धावत सुटला. इस्पितळ काही जवळ नाही.

"मी मागं धावत होते. आणि तो सारखा चर्चच्या घड्याळाकडे बघायचा. मला म्हणाला, बाई, आठच्या आत मला ठाण्यात उभं राहायचंय. मी म्हटलं, साहेब, मी नेते, तुम्ही जा. तर पोरीनं त्याच्या गळ्याला अशी मिठी घातलेली, सोडेना. एकदा तो थांबला. एका बाजूला ठाण्याची गल्ली, एका बाजूला इस्पितळाची. थांबला म्हणजे श्वास घेण्याएवढाच. मग इस्पितळाकडे वळला. आत पोचलो तेव्हा घड्याळाचे ठोके पडत होते. त्यानं पोरीला बाकावर ठेवलं आणि तिथंच भिंतीला पाठ लावून खाली बसला. मला वाटलं, दमला. आभारही मानायचे राहिले. नंबर तेवढा लक्षात राहिला, रुमाल बांधताना माझं डोकं त्याच्या छातीशी होतं ना. तेव्हापासून शोधतेय."

मी म्हटलं, आणखी चहा घ्या.

ती गेल्यावर मी घंगाळाकडे बघत बसले. तर तो हजेरीला निघाला होता. मी सांगितलं म्हणून. मी ग्वेनला मांडीवर ठेवलं म्हणून. आणि पोचला नाही.

मग एकदम मला वाटलं, मग हा संपवाला नाहीच की! हा कामावर होता! साहेबांना कळलं तर घेतील ना परत. घ्यायलाच पाहिजे.

बुधवार, १७ सप्टेंबर

इद्वलला न विचारता ठाण्यात गेले. इन्स्पेक्टर हॅलसॉलसाहेबांना भेटले, आमच्या लग्नाआधी पलंगाखाली वाकून बघणारे तेच. सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, मला खुर्चीही दिली.

"नियमानं सांगायचं तर," ते म्हणाले, "हजेरीला उभा राहिला नाही तो कामावर नव्हता. रस्त्यात काय केलं ते त्याचं खासगी. पण पिंब्लेटनंही मला त्या कोटाबद्दल सांगितलं होतं." मग विचार करून म्हणाले, "तो स्वतःच्या तोंडानं सांगायला तयार असेल तर बघता येईल. की युनियननं मला फसवलं, मी त्यांना सोडून हजेरीला निघालो होतो. मी ते शहराच्या पोलीस-समितीपुढे ठेवीन. आणि बाकीच्यांनाही वाचून दाखवू. अजून बरीच पोरं सभा भरवतायत, त्यांचाच माणूस असं म्हणतोय कळलं की डोकी ठिकाणावर येतील."

"मग परत घ्याल?"

"वचन देत नाही, बाई. पण सुरुवात होईल." फार प्रेमानं बोलले. रविवारी स्वतः येतो म्हणाले, टिअर्नीबाईलाही बोलावून ठेवा.

इद्वलला सांगितलं नाही. सांगितलं तर घरात थांबणार नाही. रविवारी जेवायला मटणाचं कालवण करते एवढंच सांगितलं. म्हणाला, "मटण कुठून?" म्हटलं, बानं दिलं. खोटंच.

शनिवार, २० सप्टेंबर

क्लेमची बायको परवा गेली, आज पुरलं. इद्वल आणि बाकीच्यांनी पेटी खांद्यावर घेतली. सगळे काढलेले शिपाई, साध्या कपड्यांत, पण चालले एका पावलानं, सवयच ती. परत आल्यावर क्लेम आमच्याकडे बसला. मग म्हणाला, "बरं झालं इद्वल, तुम्ही सगळे आहात. नाहीतर मी वेडा झालो असतो."

इद्वल उठून मागच्या अंगणात गेला. बराच वेळ आला नाही. मी गेले तर नळ सोडून हात धूत होता. हात स्वच्छच होते.

रविवार, २१ सप्टेंबर

टिअर्नीबाई ब्रायडीला घेऊन आली तेव्हा आम्ही जेवायला बसणार होतो. तिच्या मागोमाग इन्स्पेक्टरसाहेब. इद्वल उभा राहिला, पाय जुळवून, सवयीनं. मग त्याच्या लक्षात आलं आणि त्यानं पाय सैल सोडले.

साहेबांनी सांगितलं कशाला आलो. सगळं सांगितलं, मी ठाण्यात आले होते तेही. इद्वलनं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. दावणीचं जनावर बघतं तसं.

"हाच का?" साहेबांनी टिअर्नीबाईला विचारलं.

"हाच की! साहेब, आठवत नाही का मी तुम्हाला?" ती इद्वलला म्हणाली.

"नाही, बाई," इद्वल म्हणाला. "चुकताय तुम्ही. मी नव्हतो."

"अहो, एकशे ब्याऐंशी..."

"मी नव्हतो."

खोलीत कालवणाची वाफ येत होती. तेवढ्यात ब्रायडी आईच्या काखेतून सरकली, लंगडत टेबलाला वळसा घालून गेली आणि इद्वलच्या पायाला बिलगली. दोन्ही हात वर केले, उचल म्हणून. त्यानं हात मागं बांधून घेतले. तिनं आणखी वर केले. ती रडायच्या बेतात आली तेव्हा त्यानं तिला उचललं. तिनं लगेच मान त्याच्या खांद्यावर टाकली, जशी जागा ठरलेलीच होती.

साहेबांनी ते बघितलं. मग माझ्याकडे वळले. मऊ आवाजात म्हणाले, "बाई, तुम्ही सांगा. तुम्हीच आला होता माझ्याकडे. त्या शनिवारी संध्याकाळी हा वर्दी घालून हजेरीला निघाला होता की नाही? तुम्ही सांगितलंत तरी मला पुरे आहे. तुमच्या पोरीचा विचार करा."

दीड महिना मला दुसरं काही नको होतं. सकाळी डोळे उघडायच्या आधी मी हेच मागत होते, की कुणीतरी यावं आणि परत या म्हणावं. तो माणूस माझ्याच स्वयंपाकघरात उभा होता, टोपी हातात घेऊन. एक शब्द पुरे होता. मी तोंड उघडलं.

"नाही," मी म्हटलं. "घरी होता. माझ्यासमोर."

"पण तुम्हीच..."

"माझी चूक झाली. ह्या बाईंचा नंबर चुकला असेल."

"कोटाला रक्त होतं."

"बाळाला दात येतात. हिरड्या फुटल्या, अंगावर ओकली."

"आणि ही पोर?"

"पोरं त्याच्याकडे अशीच जातात," मी म्हटलं.

हे मी का म्हटलं मला माहीत नाही. ठरवलं नव्हतं. आतून काही आलं म्हणावं तर आत काही नव्हतंच. जिभेनं म्हटलं.

साहेब दाराकडे वळले. मग टोपी घातली. "हे दार मी पुन्हा ठोठावणार नाही, बाई."

"बरं," मी म्हटलं.

टिअर्नीबाई जायला उठेना. माझ्याकडे बघत होती, मग इद्वलकडे. डोळे भरलेले. पण बाई शहाणी. "चुकलाच असेल नंबर," म्हणाली. "माझं मेलं डोकंच असं आहे."

इद्वल ब्रायडीला घेऊन खिडकीपाशी गेला. उजेडात तिची पट्टी जराशी सैल करून बघितली, बोट न लावता. जखम चांगली भरलीय म्हणाला. मग तिला स्वतःच्या खुर्चीवर बसवलं आणि स्वतःचं ताट तिच्यापुढं सरकवलं. मी टिअर्नीबाईसाठी पाव कापला.

साहेब एव्हाना गल्लीच्या टोकाला गेले असतील. मी बघायला गेले नाही.